बाळाचे डोके चपटे किंवा वाकडे दिसते? मोजमाप आणि प्रकार समजून घ्या

‘मालिश केली की डोके गोल होईल’ किंवा ‘केस वाढले की दिसणार नाही’, असे घरातली मोठी माणसे सांगतात. बहुतेक बाळांच्या बाबतीत काळजीचे कारण नसतेही. मात्र काही बाळांमध्ये कवटीचा सांधा वेळेआधीच जुळलेला असतो. अशा वेळी वाट पाहण्यात उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात.

डोके कसे मोजतात?

• घेर: टेप भुवयांच्या वरून आणि मागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवतात. जन्मावेळी घेर साधारण 33 ते 35 सें.मी. असतो, वर्षाच्या बाळाचा 45 ते 46. एका आकड्यापेक्षा दर भेटीची नोंद महत्त्वाची.
• रुंदी आणि लांबी: हे कॅलिपरने मोजतात. रुंदी भागिले लांबी गुणिले 100 म्हणजे सेफॅलिक इंडेक्स. लांबी 14 आणि रुंदी 11.2 सें.मी. असेल, तर इंडेक्स 80 येतो. साधारण 75 ते 85 सामान्य मानतात.
• दोन तिरकी मापे: त्यांतील फरक 3.5 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर सहसा चिंता नसते.

मुख्य प्रकार

• प्लॅजिओसेफली: मागे एक बाजू चपटी, त्याच बाजूचा कान पुढे सरकलेला.
• ब्रॅकिसेफली: मागचा पूर्ण भाग चपटा, डोके रुंद.
• स्कॅफोसेफली: डोके अरुंद, होडीसारखे लांबट.
• ट्रायगोनोसेफली: कपाळ मधोमध टोकदार, वरून त्रिकोणी.

पहिले दोन बहुधा एकाच स्थितीत झोपल्याने होतात. ऊसतोडीच्या हंगामात कोपीतल्या झोळीत तासन्‌तास एकाच कुशीवर राहणाऱ्या किंवा मान एकीकडेच वळवणाऱ्या बाळाकडे विशेष लक्ष द्या. उरलेल्या दोन प्रकारांत सांधा जुळलेला असण्याची शक्यता तपासावी लागते. याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात. सुमारे 2,000 ते 2,500 बाळांमागे एकाला तो होतो.

घरी काय कराल?

• बाळाला पाठीवरच झोपवा, पण डोक्याची दिशा रोज बदला.
• जागेपणी, तुमच्या देखरेखीखाली, दिवसातून अनेकदा पालथे ठेवा.
• मान एका बाजूला कलत असेल तर फिजिओथेरपी लवकर सुरू करा.
• डोके दाबून आकार देऊ नका. मोहरीची उशीही वापरू नका; लहान बाळाला उशीमुळे गुदमरण्याचा धोका असतो.

डॉक्टरांना कधी दाखवाल?

• डोक्यावर हाडाची कडक उंच रेघ लागत असेल.
• आकार जन्मापासूनच वेगळा असून वाढत चालला असेल.
• घेर फार हळू किंवा फार वेगाने वाढत असेल.
• टाळू फार लवकर बंद झाली असेल. पुढची टाळू साधारण 12 ते 18 महिन्यांत भरते.
• टाळू फुगलेली असेल, वारंवार उलट्या होत असतील किंवा बाळ सुस्त असेल, तर त्याच दिवशी जा.

कुठे जाल?

बारामती किंवा इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणी करते, पण शंका असेल तर त्याची वाट पाहू नका. गरज पडल्यास पुण्याला, उदाहरणार्थ ससून रुग्णालयात, न्यूरोसर्जनकडे पाठवले जाते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया सहसा पहिल्या 3 ते 6 महिन्यांतच शक्य असते. मोठी शस्त्रक्रिया बहुधा वर्षाच्या आत करतात. म्हणून जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि बाळाच्या डोक्याचे वरून काढलेले जुने-नवे फोटो सोबत न्या.