बारा मीटर आणि हॉल्डेनच्या शेळ्या

आमच्या लेकीला अकराव्या वर्षी स्कूबाचं ज्युनियर ओपन वॉटर कार्ड मिळालं. आता दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी समुद्रात उतरायचं असं ठरलंय. सावेडीत बसून समुद्राचं प्लॅनिंग करणं जरा गमतीचंच आहे, कारण कुठलाही समुद्र गाठायचा तर आधी अख्खा सह्याद्री उतरावा लागतो. आणि नंतर चढावा लागतो. (हे चढणं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

कार्डाबरोबर नियम येतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी १२ मीटरच्या खाली जायचं नाही, आणि सोबत सर्टिफाइड आई-वडील किंवा पालक, नाहीतर व्यावसायिक डायव्हर हवा. बारा ते चौदा वयाला १८ मीटर, सोबत सर्टिफाइड मोठं माणूस. आता दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचणाऱ्या माणसाला असा हार्डकोड केलेला आकडा दिसला की हात शिवशिवतात. हे १२ कुठून आलं? कुणावर टेस्ट केलं? दोन-तीन वीकांत यात गेले, आणि जे हाती लागलं ते एवढं रंजक निघालं की इथे मांडतोच.

सुरुवात शेळ्यांपासून करावी लागते.

खोल पाण्यातून वर आलेल्या माणसाचे सांधे का ठणकतात, कधी लुळेपणा का येतो, याचं कारण पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ च्या ग्रंथात सांगितलं होतं. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो, आणि दाब झटकन कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडल्यासारखं. पण किती खोलीवरून, किती वेळाने, किती सावकाश वर यायचं? याचं गणित नव्हतं. ते ब्रिटिश नौदलासाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी केलं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी टाकीत शेळ्या ठेवायच्या, दाब वाढवायचा, मग कमी करायचा आणि बघत बसायचं. शेळीने पुढचा पाय उचलून धरला की समजायचं, हिला 'बेंड्स' झाले! शेळ्याच का, तर त्या आकाराने बऱ्यापैकी मोठ्या, सहज मिळणाऱ्या, आणि दुखलं तर पाय उचलून तसं दाखवणाऱ्या. १९०८ साली बॉयकॉट आणि डॅमंट या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी निबंध छापला आणि त्यातले तक्ते जगभरच्या पाणबुड्यांनी वापरले. शरीर म्हणजे वेगवेगळ्या वेगाने भरणारे पाच कप्पे, ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटांचे, हे त्यांचं मॉडेल. आजच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरमध्येही कप्प्यांचीच कल्पना चालू आहे, फक्त कप्पे आणि आकडे बदललेत. शंभरहून जास्त वर्षं चाललेला लेगसी कोड म्हणा ना :-)

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते १९०६ च्या ऑगस्टने. शेळ्यांनंतर माणसांवर चाचणी हवी म्हणून हॉल्डेन स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, रॉथसे इथे गेले. सोबत नौदलाचं 'स्पँकर' जहाज. तिथे डॅमंट आणि कॅटो हे दोघे २१० फूट, म्हणजे ६४ मीटर खोल जाऊन सुखरूप वर आले, तेव्हाचा मोठाच पराक्रम. आणि सुट्टी असल्यामुळे हॉल्डेनचं कुटुंबही तिथेच होतं. मुलगा जॅक, वय वर्षं तेरा, त्यालाही बापाने पितळी शिरस्त्राण घालून खाली सोडलं. पोशाख मोठ्या माणसाचा, मनगटाशी सैल. पाणी आत शिरत राहिलं. पोरगा वर आला, धडधाकट.

हा जॅक म्हणजे पुढचे जे. बी. एस. हॉल्डेन, नामवंत जनुकशास्त्रज्ञ. १९३९ मध्ये 'थेटिस' पाणबुडी बुडून ९९ माणसं गेली, त्यानंतर त्यांनी स्वतःला दाबाच्या टाकीत कोंडून घेऊन प्रयोग केले आणि शरीराची मोडतोड करून घेतली. १९५७ साली ते भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. बापाने तेराव्या वर्षी पाण्यात सोडलेलं पोर शेवटी आपल्या देशात विसावलं, हे वाचून मला उगाचच आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

असो. मुद्दा असा, की सुट्टीत स्वतःच्या मुलाला पाण्याखाली नेणारा बाप त्या तक्त्यांच्या जन्माशीच उभा आहे, पण त्याचा मुलगा त्या तक्त्यात नाही. तक्त्यात शेळ्या आहेत आणि नौदलाची धट्टीकट्टी माणसं आहेत.

पुढेही तेच. १९४३ मध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग बनवलं आणि पाणबुड्याची हवेची नळी सुटली. थोरला मुलगा जाँ-मिशेल सात वर्षांचा असताना कूस्तोंनी त्याच्या पाठीवर टाकी बांधून पाण्यात ढकललं, असं तो स्वतःच आयुष्यभर सांगत आलाय. अमेरिकन नौदलाचे १९५७ चे तक्ते पुन्हा नौदलाच्या डायव्हरांवर तपासलेले. सुट्टीत डुबक्या मारणाऱ्या सामान्य लोकांसाठी वेगळा तक्ता १९८८ साली आला, रेमंड रॉजर्स यांचा. त्याच्या चाचण्यांत बायकाही होत्या, ही मोठीच प्रगती. पण सगळे स्वयंसेवक प्रौढच. आणि २००० च्या सुमारास पाडी या संस्थेने ज्युनियर कार्डाचं वय बारावरून दहावर आणलं.

म्हणजे टेस्ट डेटामध्ये दहा-अकरा वर्षांचं एकही मूल नाही. आणि नसावंच. मुलाला मुद्दाम बेंड्स होतात का हे टाकीत घालून बघणारा प्रयोग कुठलीही शहाणी समिती मंजूर करणार नाही. त्यामुळे १२ हा आकडा मोजलेला नाही, तो बेताने धरलेला आहे. चाळीस फूट, झालं. (अवांतर: हॉल्डेनना आढळलं होतं की सव्वा अ‍ॅटमॉस्फियर जादा दाबापर्यंत, म्हणजे साधारण साडेबारा मीटरपर्यंत, माणसांना बेंड्स झाल्याची उदाहरणं नाहीत. बारा त्याच्या जेमतेम आत बसतं. पण नियम त्यावरूनच बनला असं मी म्हणणार नाही, योगायोग छान आहे एवढंच.)

मग या आकड्याचा उपयोग काय? रॉजर्सच्या तक्त्यात १२ मीटरवर विनाथांबा राहायची मुदत १४७ मिनिटं आहे. १८ मीटरवर ५६. अकरा वर्षांच्या मुलीची टाकी, थंडी आणि उत्साह यातलं काहीच १४७ मिनिटं टिकत नाही. थोडक्यात, या डाइव्हमध्ये नायट्रोजन हा मुख्य व्हिलन नाहीच. व्हिलन आहे श्वास.

आमच्या नगरकडे पोरं पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून. तिथे इभ्रत कशात, तर दम किती धरतो यात. तळाची माती मुठीत घेऊन वर येणारा तो खरा. स्कूबात हाच गुण जीवघेणा. काठावरून भरून घेतलेली हवा खाली जाताना आकसते आणि वर येताना पूर्ववत होते, म्हणून विहिरीत काही होत नाही. पण टाकीतून घेतलेला श्वास त्या खोलीच्या दाबाचा असतो. १२ मीटरवर छातीभर हवा घेतली आणि दम धरून वर आलं, तर ती २.२ पट व्हायला बघते. फुप्फुस काही फुगा नाही. आणि वाईट भाग असा की सर्वांत मोठा फरक शेवटच्या दहा मीटरमध्ये पडतो. हवा फुप्फुसातून रक्तात घुसल्याच्या घटना जेमतेम सव्वा मीटर खोलीवरूनही झालेल्या आहेत. म्हणून 'उथळ आहे, काय होतंय' हे वाक्य आमच्या प्लॅनमधून बाद. मास्कमध्ये पाणी शिरलं, घाबरली, दम धरून वर सुटली... मला भीती आहे ती या दहा सेकंदांची. खोली कमी ठेवायची ती यासाठी, की वर जाणारा रस्ता लहान असावा आणि मी हात लांब केला तर ती हाताशी असावी.

आता उलट बाजू. नियम म्हणतो पालक सोबत असला की पुरे. मला ते पुरेसं वाटत नाही. १२ मीटरवर मलाच काही झालं तर ती मला वर आणू शकेल का? नाही. तिने तसा प्रयत्न करावा अशीही माझी इच्छा नाही. मग कागदावर आम्ही दोघं 'बडी' असलो तरी प्रत्यक्षात मी एकटाच आहे, वर एक मूल सांभाळतोय. म्हणून तिसरा माणूस, इन्स्ट्रक्टर, पैसे मोजून. आईने विचारलंच, "अरे, एवढा खर्च करून पोरीला पाण्यात कशाला घालतोस?" खर्चाचं उत्तर हे आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर माझ्याकडे नाही.

जागा कुठली? नकाशा बघितला की पहिला मोह आंग्रिया बँकेचा होतो. विजयदुर्गापासून शंभरावर किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार, वर प्रवाळ. पण त्याचा माथाच साधारण २० मीटरवर सुरू होतो. लेकीला तो अजून काही वर्षं दिसायचा नाही. तेव्हा मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना 'स्कूबा' म्हणून जे मिळतं ती बहुतेक वेळा काही मीटरची, इन्स्ट्रक्टरने धरून करवलेली डुबकी असते. वाईट नाही, पण कार्ड असलेल्या मुलीला ते नको असतं. बुकिंग करतानाच सांगायचं: कार्ड आहे, वय अकरा, आधी पाच-सहा मीटर, मग जमलं तर दहा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबाची संस्थाही आहे, तिथेही विचारणार आहे.

काळ म्हणाल तर पावसाळ्यात बंद, मे महिन्यात पाणी खवळायला लागतं, त्यामुळे दिवाळी नाहीतर नाताळ. दिवाळीची एक अडचण म्हणजे फटाक्यांचा धूर आणि त्यामागून येणारी सर्दी. मुलांच्या कानाची नळी अरुंद असते, दाब सारखा होत नाही. सर्दी असेल तर डाइव्ह नाही, किल्ला बघायचा. दिवसाला एक, फार तर दोन डाइव्ह. अंगठा वर केला की वर जायचं, आणि कारण बोटीवर आल्यावरसुद्धा विचारायचं नाही. ती कारण आपणहून सांगते, अनुभव आहे.

शेवटी ते चढणं. डाइव्हनंतर विमानात बसू नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. २००२ च्या तज्ज्ञ परिषदेतून आलेला सल्ला असा: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्ह किंवा सलग दिवस असतील तर १८ तास. पण हा सल्ला लागू होतो २,००० फुटांपासून, म्हणजे ६१० मीटरपासून. आंबोली साधारण ६९० मीटर. आणि आपलं नगर (आता अहिल्यानगर) ६५० च्या आसपास! म्हणजे सावेडीतलं घर हेच नियमाच्या रेषेच्या वर आहे. हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सात-आठ टक्क्यांनी कमी. विमानाइतका धोका नाही, पण दुपारी डाइव्ह, चारला गाडी, सहाला घाट हा जो आपला नेहमीचा 'उद्या ऑफिस आहे' कार्यक्रम असतो, तो नको. मोजलेलं मूलच नाही म्हटल्यावर तिच्यासाठी मी १२ ऐवजी २४ तास धरलेत. शनिवारी सकाळी शेवटची डाइव्ह, रविवारी दुपारी जेवून निघायचं. पोचायला मध्यरात्र होईल, सोमवारची सुट्टी आधीच टाकून ठेवली आहे.