बटाट्याचं माहेर आणि कृत्तिकांचा पुंजका

मंडळाच्या मागच्या बैठकीत मी 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे कसा आला, ते सांगितलं होतं. तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "शब्दाचं कळलं हो, पण पीक मुळात कुणाचं?" हा छोटा लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं उत्तर.

बटाट्याचं माहेर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत. टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच पठारावर सुमारे ७ ते ८ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी रानातले कडू कंद लागवडीखाली आणले. त्यांचे वंशज असलेले क्वेचुआ आणि आयमारा शेतकरी आजही ते पिकवतात. पेरूची राजधानी लिमा इथल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राची स्थापना १९७१ची. तिथे ४,०००हून अधिक देशी वाण जपलेले आहेत. त्यातल्या एका गाठाळ कंदाचं क्वेचुआ नाव आहे 'सुनेला रडवणारा'. सोलायला इतका अवघड, की नव्या सुनेची परीक्षाच!

इतके वाण हवेत कशाला? साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर एका रात्रीच्या हिमात उभं पीक जळून जातं. म्हणून शेतकरी एकाच डोंगरावर वेगवेगळ्या उंचीला लहान लहान तुकडे कसतो आणि एकेका तुकड्यात अनेक वाण मिसळून लावतो. काही गेले तरी काही हाती लागतात. थंडी सोसणारे कडू वाण सगळ्यात वर. ते रात्री हिमात गोठवायचे, दिवसा उन्हात ठेवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि वाळवायचे. हा 'चुन्यो' वर्षानुवर्षं टिकतो. इंकांच्या कोठारांतही तो साठवलेला असे.

पेरणी कधी करायची, हे ठरवायची रीत वाचताना मला आमची आजी आठवली. मृगाचा पाऊस पडला का, यावर तिचं सगळं गणित असायचं. अँडीजमधले शेतकरी जूनच्या अखेरीस, संत योहानाच्या सणाच्या सुमारास, पहाटे कृत्तिकांचा पुंजका बघतात. तारे लख्ख दिसले तर पाऊस वेळेवर. अंधुक दिसले तर पाऊस उशिरा आणि कमी, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरची लावणी पुढे ढकलायची. ऑर्लोव, चियांग आणि केन या संशोधकांनी २००० साली 'नेचर'मध्ये यामागचं कारण मांडलं. एल निन्योच्या वर्षी जूनमध्ये आकाशात फार उंचावर विरळ ढग असतात, त्यामुळे तारे मंद दिसतात, आणि त्याच वर्षी तिथे पाऊस कमी पडतो. म्हणजे ठोकताळा पक्का होता.

आता मात्र हवाच बदलली आहे. ऊब वाढली तसा करपा आणि कंद पोखरणारे भुंगे वर चढले. कुस्को भागात पिसाक गावाजवळ क्वेचुआ वस्त्यांनी मिळून बटाट्याचं उद्यान राखलं आहे. तिथे गेल्या तीसेक वर्षांत लागवडीची खालची सीमा सुमारे २०० मीटर वर सरकली. या वस्त्यांनी २००४ साली लिमाच्या केंद्राशी करार केला आणि आपल्या शेतांतून नाहीसे झालेले वाण रोगमुक्त करून परत मिळवले. २०१५ साली त्यांच्या बटाट्यांचं बी नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठारातही पोचलं.

पण डोंगराला माथा असतो. वर सरकायला जागा आहे तोवर ठीक, त्यापुढे लामा-अल्पाकांची कुरणं आणि मग नुसता खडक. तिथे पोचल्यावर शेतकऱ्याच्या हाती उरतात ते त्याने राखलेले वाण.

हे लिहिताना मन सारखं इकडे वळत होतं. आमच्या बेळगावच्या पश्चिमेला पावसाळी बटाटा होतो, पण बियाणं बाजारातून, तेही ठरलेल्या एक-दोन जातींचं. आजीच्या कणगीत भाताचे आणि नाचणीचे किती वाण होते, ते मी तिला कधी विचारलंच नाही. आता विचारायला ती नाही. तुमच्या घरी खानापूर-चंदगडकडचं कुणी जुनं माणूस असेल, तर त्यांना आठवत असलेल्या वाणांची नावं, ते कुठल्या जमिनीत आणि कुठल्या नक्षत्रात पेरत, एवढं लिहून मंडळाकडे पाठवा. यादी कितीही लहान असली तरी चालेल.