हॅम्बुर्गकर

हॅम्बर्गर या शब्दातील ‘हॅम’ म्हणजे डुकराचे मांस, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः मूळ पदार्थ गोमांसाचा आणि नाव जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदराचे. त्या शहराचे नाव ‘हम्माबुर्ग’ या ९ व्या शतकातील गढीवरून पडले. जर्मनमधील ‘एर’ हा प्रत्यय आपल्या ‘कर’सारखा, म्हणजे हॅम्बर्गर हा हॅम्बुर्गकरच! गाव सोडूनही आडनावातून ते पिढ्यान्पिढ्या जपणाऱ्या आपणांस हे नवल वाटू नये. १९ व्या शतकात अमेरिकेत ‘हॅम्बुर्ग स्टेक’ रूढ झाला, पुढे तो पावात शिरला. पहिल्या महायुद्धात जर्मन नावांवरील रोषापायी त्याला ‘लिबर्टी’ हे नाव देऊन पाहिले. ते टिकले नाही. शत्रुत्वाला जे साधले नाही ते लोकांच्या जिभेने केले. कालांतराने शब्द भलत्याच ठिकाणी तुटला आणि ‘चीजबर्गर’ अवतरला. कोल्हापूरकरांचे नुसते ‘पूरकर’ व्हावे, तसेच हे. जर्मनमध्ये बुर्ग म्हणजे गढी. तेव्हा उरलेला बर्गर हा केवळ ‘गढीकर’, कोणत्या गढीचा ते मात्र गेले.