शस्त्रक्रियेनंतरचा जखमेतील जंतुसंसर्ग : जोखीम घटकांच्या विचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
१८४६-४७ मध्ये ईथर व क्लोरोफॉर्म यांचा वापर सुरू झाला आणि शस्त्रक्रियेतील वेदनेचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. परंतु शस्त्रक्रियेतून वाचलेला रुग्ण पुढे जखम चिघळून दगावत असे. हा धोका कोणास व कशामुळे अधिक, याविषयीची समज कशी बदलत गेली, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सिम्पसन यांची आकडेवारी :
एडिंबरोचे जेम्स सिम्पसन यांनी १८६९ मध्ये अवयवच्छेदनाच्या शस्त्रक्रियांची तुलना प्रसिद्ध केली. ग्रामीण भागातील २०९८ रुग्णांपैकी २२६, तर मोठ्या रुग्णालयांतील २०८९ रुग्णांपैकी ८५५ मरण पावले होते. म्हणजे सुमारे ११ टक्क्यांच्या तुलनेत ४१ टक्के. सिम्पसन यांनी दोष मोठ्या रुग्णालयांच्या रचनेस व गर्दीस दिला आणि रुग्णांना लहान, सुट्या घरांत ठेवावे असे सुचविले. तथापि ग्रामीण भागातील माहिती तेथील डॉक्टरांनी स्वतः कळविलेली होती, तसेच दोन्हीकडील दुखापतींची तीव्रता सारखी असल्याची खात्री नव्हती.

लिस्टर यांचे कार्य :
ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाचा वापर केला व तो बरा झाला. पाश्चर यांच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी ही पद्धती १८६७ मध्ये मांडली. १८६४ व १८६६ या वर्षांत त्यांच्या अवयवच्छेदनाच्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते; १८६७ ते १८६९ या काळात ४० पैकी ६ दगावले. विशेष म्हणजे त्यांच्या कक्षांलगतच्या जमिनीत १८४९ च्या कॉलऱ्यातील शवपेट्या पुरलेल्या होत्या. इमारत तीच, जमीन तीच. तरी परिणाम बदलला. रुग्णसंख्या अल्प असली, तरी कारण वास्तूपेक्षा जखमेत शिरणाऱ्या जंतूंत शोधावे, हे त्यातून सूचित झाले.

विसाव्या शतकातील विस्तार :
१९६४ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने जखमांचे स्वच्छ, स्वच्छ-दूषित, दूषित व गलिच्छ असे वर्गीकरण रूढ केले. क्रूज व फोर्ड यांनी कॅनडात दहा वर्षांतील ६२,९३९ जखमांची पाहणी १९८० मध्ये प्रसिद्ध केली. त्वचेवरील केस वस्तऱ्याने काढल्यास संसर्ग वाढतो, हे त्यातून दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ मध्ये वस्तरा न वापरण्याची शिफारस केली. १९९१ मध्ये अमेरिकेत मांडलेल्या निर्देशांकात रुग्णाची पूर्वप्रकृती, जखमेची दूषितता व शस्त्रक्रियेचा कालावधी हे तीन घटक एकत्र आले. याखेरीज मधुमेह, धूम्रपान व स्थूलता हेही धोका वाढवितात.

निष्कर्ष :
सिम्पसन यांची मोजण्याची दृष्टी योग्य होती. रुग्णांतील फरक विचारात न घेता केलेली तुलना सदोष होती. आजही केवळ टक्केवारीवरून रुग्णालयांची प्रतवारी लावल्यास गुंतागुंतीचे रुग्ण स्वीकारणाऱ्या रुग्णालयावर अन्याय होतो. दुसरे असे की, अनेक संसर्ग रुग्ण घरी गेल्यानंतर प्रकट होतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतर किमान ३० दिवस पाठपुरावा अपेक्षित असतो. जे रुग्णालय असा पाठपुरावा करीत नाही, त्याच्या नोंदीत संसर्ग कमीच आढळणार. तेव्हा कमी आकडा हा चांगल्या सेवेचा पुरावा मानण्यापूर्वी तो कसा मोजला गेला, हे तपासणे आवश्यक ठरते.