नोटांचा संग्रह आणि इतिहासाची साक्ष

जुनीं नाणीं हें इतिहासाचें साधन होय, हें आतां कोणास सांगावयास नको. परंतु नोटांच्या संग्रहास तो मान अद्याप मिळालेला नाहीं. स्कॉटलंडांत 2015 सालीं क्लाइड्सडेल बँकेनें फोर्थ पुलाच्या स्मरणार्थ पॉलिमरची पांच पौंडांची नोट काढली, आणि अशा नोटा जमविण्याचा छंद तेथें वाढीस लागला. त्या देशांत तीन बँका आपापल्या नांवानें नोटा काढतात. त्यांपैकीं बँक ऑफ स्कॉटलंडच्या नोटेवर सर वॉल्टर स्कॉट विराजमान आहे. कारण 1826 सालीं लंडनच्या सरकारानें एक पौंडाच्या नोटा बंद करण्याचा घाट घातला, तेव्हां त्यानें लेखणी उचलली व सरकारास माघार घ्यावी लागली.

हा प्रकार आम्हांस सर्वस्वीं परका नाहीं. 1840 सालीं स्थापन झालेली बँक ऑफ बाँबे आपल्या नोटा काढीत असे. 1861 च्या कायद्यानें तो अधिकार सरकारानें स्वतःकडे घेतला. त्याच सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, व कामठ्याची जुनी जमीनदारी त्या प्रांतांत मोडूं लागली. तथापि सरकारी नोटही सर्वत्र चालत नसे. ती आपल्या मंडळापुरतीच कायदेशीर असे. पांचाची नोट 1903 सालीं ब्रह्मदेश वगळून सर्व हिंदुस्थानांत चालूं लागली. दहाची 1910 त व शंभराची 1911 त मोकळी झाली. वाटेंतील चोरीच्या भयानें लोक नोटेचे दोन तुकडे करीत. एक तुकडा पोंचल्याची खबर आल्यावरच दुसरा टपालांत पडे. अशी सांधलेली नोट संग्राहकास सदोष वाटते. आम्हांस मात्र तींत त्या काळचे रस्ते, टपाल आणि व्यापाऱ्याची धास्ती हीं तिन्ही वाचतां येतात.

पॉलिमरची नोट मळत नाहीं, सहसा फाटत नाहीं. हा बँकेचा लाभ खरा. पण हाताळणाऱ्याची खूणही तीवर फारशी उरत नाहीं, ही इतिहासाची हानि होय. म्हणून कागदी नोटांची साक्ष अधिक मोलाची आहे. 2016 च्या नोव्हेंबरांत पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. पुढें 2017 च्या कायद्यानें त्या दहांहून अधिक बाळगण्यास मनाई केली. मात्र अभ्यासासाठीं पंचवीसपर्यंत ठेवण्यास मुभा दिली. कायद्यानें जें ओळखलें तें आपण कां ओळखूं नये?

कामठ्यासारख्या गांवीं कोणाच्या जुन्या चोपडींत एखादी नोट सांपडल्यास तिच्यावरील शाई, सही वा टांचणीचें भोंक झांकण्याचा यत्न करूं नये. ती कोणाकडून व केव्हां आली, एवढें शेजारीं लिहून ठेवावें. कोरी नोट किंमत सांगते; वापरलेली नोट माणसांची हकीकत सांगते.