ढाळ

न्हाणीघराची फरशी बसवली की गवंडी तिच्यावर तांब्याभर पाणी ओततो आणि ते मोरीकडे कसं जातं ते बघत उभा राहतो. पाणी कोपऱ्यात रेंगाळलं तर फरशी पुन्हा उचलायची. त्याच्या बोलीत याला ‘ढाळ देणं’ म्हणतात. कर्जत-नेरळच्या मुलखात या ढाळाचं सर्वांत देखणं काम डोंगरावर दिसतं: माथेरानची छोटी गाडी.

रेल्वे यायच्या कितीतरी आधीपासून डोंगरातल्या माणसाला ढाळ कळत होता. डोक्यावर मोळी घेतलेली बाई उभा चढ सरळ चढत नाही. ती आडवी जाते, वळते, पुन्हा आडवी जाते. वाट लांबते, पण प्रत्येक पावलाचा भार हलका होतो.

या शहाणपणाचं गणित युरोपात मांडलं गेलं. १५८६ साली गणिती सायमन स्टेव्हिनने उतारावरच्या वजनाचा हिशेब लिहिला. पुढे गॅलिलिओने तोच उतार वेगळ्या कामाला लावला. वस्तू खाली पडते तेव्हा तिचा वेग कसा वाढतो हे त्याला हवं होतं, पण पडणं इतकं झटकन उरकतं की त्या काळच्या घड्याळांना ते सापडेना. मग त्याने लाकडी तुळईला गुळगुळीत खाच पाडली, तुळई तिरकी ठेवली आणि खाचेतून काशाची गोळी सोडली. भांड्यातून धारेने पडलेलं पाणी तोलून तो वेळ मोजायचा. ढाळामुळे पडणं मंदावलं आणि मोजता आलं. दुप्पट वेळात गोळी चौपट अंतर जाते, हे त्यातून कळलं. १६३८ साली छापलेल्या ग्रंथात त्याने आणखी एक गोष्ट पायाशी धरली: खाली पोचतानाचा वेग किती उंचीवरून उतरलो यावर ठरतो, वाट उभी होती की निवांत यावर नाही.

आमच्या भागात हे गणित लोखंडात उतरलं ते भोर घाटात. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली, तिचा सर्वांत कठीण चढ सदतीसला एक: ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. आजही पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात.

माथेरान मात्र बाजूलाच, डोंगरावर. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट तिथे चढले आणि मुंबईकरांना थंड हवेची जागा मिळाली. तिथवर पोचायचं ते पायी, घोड्यावर किंवा माणसांच्या खांद्यावर. १९०४ साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी रेल्वेचं काम हाती घेतलं. पैसा त्यांचे वडील सर आदमजी यांचा, खर्च १६ लाख रुपये. २२ मार्च १९०७ रोजी दोन फुटी रुळांवरून गाडी सुरू झाली.

नेरळ ते माथेरान उंची चढायची सुमारे ७६५ मीटर. निलगिरीच्या रेल्वेने असा प्रश्न दातेरी रुळाने सोडवला. इथे दात नाहीत. गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक, आणि वाट लांबवत लांबवत सुमारे २० किलोमीटर केलेली. सर्वांत कठीण चढ विसाला एक. म्हणजे दर टनामागे इंजिनाला ५० किलोंचं मागे खेचणं सोसावं लागतं, घर्षण वेगळं. एवढं ओझं हमालही पाठीवर घेतो.

पण लांबीसोबत वळणं आली. तीन आसांचं इंजिन ताठ असेल तर अशा वळणात अडकून बसायचं. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या आराखड्यावरून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने चार वाफेची इंजिनं बनवून दिली. त्यांत क्लिएन आणि लिंडनर या दोघा जर्मन अभियंत्यांची युक्ती होती: आत भरीव आस, त्यावर पोकळ आस, आणि मध्यभागी गोलाकार सांधा. आतला आस फिरवतो, बाहेरचा त्याच्यासोबत फिरता फिरता थोडा तिरकाही होतो. खांद्याचा सांधा चालतो तसंच. चाकं रुळाचं वळण धरतात, इंजिनाचं धड सरळ राहतं.

राहिली उतरण. ७६५ मीटर उंचीचा वेग कुठेच अडवला नाही, तर गॅलिलिओच्या हिशेबाने नेरळला पोचताना ताशी सुमारे ४४० किलोमीटर होतो. ढाळ कितीही सौम्य केला तरी हा आकडा बदलत नाही. लांब वाटेने ताकद वाचते, काम वाचत नाही. उंचीचं देणं पूर्णच फेडावं लागतं. माथेरानच्या गाडीत ते देणं वर्षानुवर्षं माणसांच्या हातांनी फेडलं. डब्याडब्याला ब्रेक पोर्टर असायचा. ड्रायव्हरने शिटी दिली की तो हाताने ब्रेक आवळायचा, पुढच्या शिटीला सैल करायचा. एक डबा कमी आवळला गेला तर त्याचा धक्का पुढच्याला, म्हणून सगळ्यांनी एकमेकांचा अंदाज धरून आवळायचं.

माथेरानहून उतरलेल्या प्रत्येक टनामागे जी उष्णता तयार होते, तिने सुमारे २४ लिटर पाण्याला उकळी फुटेल. एका माणसाच्या अंघोळीची बादली भरून वर उरेल एवढं हे पाणी. नेरळच्या फलाटावर उतरून चाकांजवळ उभं राहिलं की तापलेल्या लोखंडाचा वास येतो. माझ्यासाठी तो डोंगराचा वास आहे: वरची सगळी उंची, विसाला एक अशा हप्त्यांनी, ऊब होऊन खाली आलेली.