माधव नगरची बैठक आणि माळव्यातली ऐकणारी माणसं



पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आपल्या माधव नगरातली महिन्याची गाण्याची बैठक चालू ठेवायची की थांबवायची, यावर गेले दोन आठवडे ग्रुपवर लिहिणं चाललं आहे. कुणी म्हणतं, येणारे दहा-बाराच उरले आणि त्यातल्या निम्म्यांना खुर्ची लागते. कुणी म्हणतं, मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत. पुढे चालवणार कोण? कुणी म्हणतं, हवं ते गाणं मोबाइलवर मिळतं, मग एवढा खटाटोप कशाला? आणि एक मत असंही आलं, की हल्ली मराठी न येणारेच जास्त दिसतात, मग ती आपली बैठक राहिली कुठे? पहिल्या तीन मुद्द्यांवर ज्याचं त्याने ठरवावं. चौथ्यावर मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण माळव्यात गाणं कुणामुळे टिकलं हे पाहिलं तर इतिहास त्या मताच्या बरोबर उलट सांगतो.

आधी आपण इथले कसे झालो ते बघू. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांच्या वेळी उज्जैन शिंद्यांकडे आलं. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळाचं देऊळ पुन्हा बांधलं. शिंद्यांची राजधानी 1810 पर्यंत इथेच होती, मग दौलतरावांनी ती ग्वाल्हेरला नेली. राजधानी गेली तरी बरीच मराठी घरं इथेच राहिली. रेल्वेपलीकडची नवी वस्ती माधवराव महाराजांच्या नावाने माधव नगर झाली. रिक्षावाल्याला मात्र आजही फ्रीगंजच सांगावं लागतं.

याच माधवराव महाराजांनी पं. विष्णु नारायण भातखंड्यांच्या मदतीने 1918 मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय काढलं. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही, पण तेव्हा ही फार मोठी गोष्ट होती. तोवर गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, आणि त्यांची मर्जी लागेल तेव्हा जे कानावर पडेल ते पदरात पाडून घ्यायचं. शाळा निघाल्यावर वहीत स्वरलिपी उतरवून साध्या घरातल्या मुलालाही शिकता येऊ लागलं. त्याच नावाचं संगीत महाविद्यालय आपल्या उज्जैनलाही आहे. या ग्रुपवरच्या किती घरांतल्या आत्या, मावश्या तिथे तंबोरा घेऊन बसल्या असतील, ते तुम्हीच सांगा.

आता ‘आपलं गाणं’ म्हणतो ते आलं कुठून? ग्वाल्हेरला हद्दू खाँ, हस्सू खाँ हे मोठे उस्ताद. हस्सू खाँसाहेबांकडे वासुदेवबुवा जोशी शिकले. वासुदेवबुवांकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि त्यांनी ख्यालगायकी दक्षिणेत, महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. त्यांनी 1901 मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं ते थेट लाहोरला. पलुसकरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांनी मुंबईत संगीताची शाळा काढली, आणि त्या शाळेत बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा एक कानडी मुलगा लहान वयात शिकायला आला. त्याचं नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजे आपले कुमार गंधर्व. ग्वाल्हेर, इचलकरंजी, लाहोर, मुंबई असा प्रवास करून हे गाणं पुन्हा माळव्यात देवासला येऊन पोचलं. या सगळ्या साखळीत एकाच जातीचं, एकाच भाषेचं काय आहे, सांगा.

कुमारजी जानेवारी 1948 मध्ये देवासला आले ते क्षयाने आजारी म्हणून. माळव्याची हवा कोरडी, तब्येतीला बरी. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं. जीव वाचला, पण जवळजवळ पाच वर्षं गाणं बंद. ज्याने वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी मोठमोठ्या जाणकारांना थक्क केलं, त्याला खाटेवर पडून गप्प राहायचं. त्या काळात त्यांनी एकच केलं, ऐकलं. रस्त्याने जाणाऱ्या बायका, लग्नातली आणि सणावारांची माळवी गाणी, नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनं. भानुमतीताईंनी शुश्रूषा केली आणि पुढे ही गाणी टिपून घेण्याचं कामही झालं. 1953 च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा आवाजाची ठेवण बदलली होती, छोट्या-छोट्या स्वरवाक्यांतून ते गात. लोकधुनांमधून त्यांनी नवे राग उभे केले. मालवती, लगन गंधार, सहेली तोडी ही त्यातली काही नावं. त्यांच्या बंदिशींचं ‘अनूपरागविलास’ 1965 मध्ये आलं. ‘मालवा की लोकधुनें’ हा तर आख्खा कार्यक्रमच त्यांनी बांधला.

मला यात नेहमी एक गोष्ट मोठी वाटते. मुंबईत शिकून तयार झालेल्या या गवयाने माळवी बाईच्या गळ्यातलं गाणं ‘हे काय खेड्यातलं’ म्हणून बाजूला टाकलं नाही. त्याने कान दिला. त्या बायकांना ठाऊकही नसेल की पलीकडच्या घरात कोण पडून आहे. पण त्या गात गेल्या, आणि आज देवास म्हटलं की जगभरातल्या रसिकांना कुमारजी आठवतात. 12 जानेवारी 1992 ला ते गेले, तेही देवासलाच, ‘भानुकुल’मध्ये.

देवासपुढे इंदूर. तिथे होळकरांच्या दरबारात शाहमीर खाँ हे सारंगीये आणि बीनकार होते. त्यांच्या घरी दर शुक्रवारी गवय्ये-वादकांची बैठक भरे. देवासचे रजब अली खाँ, बीनकार मुराद खाँ, डागर घराण्यातले नसीरुद्दीन खाँ अशी मंडळी तिथे जमत. तिकीट नाही, स्टेज नाही, नुसतं बसायचं, गायचं, ऐकायचं, वाद घालायचे. त्या घरातला एक मुलगा कोपऱ्यात बसून हे सगळं ऐकत वाढला. तो म्हणजे उस्ताद अमीर खाँ. बापाने तालीम दिलीच, पण इतक्या वेगवेगळ्या घराण्यांचं गाणं घरबसल्या कानावर पडलं, म्हणून तो पुढे स्वतःची गायकी घडवू शकला. शुक्रवारी दार बंद ठेवलं असतं तर?

इंदूरचंच दुसरं घर रामूभैया दात्यांचं. हे गवई नव्हते, सरकारी नोकरीतले गृहस्थ होते. पण ऐकणारा असावा तर असा, हे गाणाऱ्यांनीच म्हणावं. ‘रसिकाग्रणी’ म्हणून लोक त्यांना ओळखत. कुमारजी, पु. ल. देशपांडे यांच्याशी त्यांचा घरोबा होता, आणि पु. लं.नी त्यांच्यावर लिहिलंही आहे. मोठमोठे कलावंत त्यांच्यासमोर गायला उत्सुक असत, कारण नेमक्या जागेला नेमकी दाद मिळणार याची खात्री. त्यांचे चिरंजीव अरुण दाते टेक्स्टाइल इंजिनिअर झाले, नोकरी केली, आणि ‘शुक्रतारा’मुळे घराघरांत पोचले. त्या घरात गझलही चाले, ठुमरीही, ख्यालही, भावगीतही. हे उर्दू, हे मराठी, असा हिशोब तिथे कुणी ठेवला नाही.

आपल्या उज्जैनमध्ये तर याहून जुनं उदाहरण महाकाळाच्या आवारातच आहे. महाशिवरात्रीच्या आधी शिवनवरात्र असतं. त्या नऊ दिवसांत इंदूरच्या कानडकर घराण्याची हरिकीर्तनाची सेवा 1909 पासून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कीर्तन नारदीय, आपल्या मराठी परंपरेचं. पूर्वरंग, उत्तररंग, मध्ये पदं, साकी, दिंडी. समोर बसलेल्या भाविकांत मराठी किती असतात? थोडे. बाकी सगळा माळवा, राजस्थान, गुजरात. कीर्तनकाराने ‘मराठी येणाऱ्यांनीच बसावं’ म्हटलं असतं तर ही परंपरा केव्हाच संपली असती.

आता आपल्या बैठकीकडे येतो. ती सुरू झाली रेडिओपासून. आकाशवाणीने 1952 मध्ये शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू केला. 1955 मध्ये इंदूर केंद्र आलं. ज्यांच्या घरी बरा रेडिओ त्यांच्याकडे शनिवारी जेवणं उरकून चार-सहा घरं जमत. पोरांनी गप्प बसायचं, नाहीतर बाहेर ओट्यावर जायचं. मी ओट्यावरच जास्त असे. पण खिडकी उघडी असायची, त्यामुळे भीमसेन, अमीर खाँ, हिराबाई ही नावं पाठ झाली ती तिथूनच. पुढे एकाने स्पूलचा टेपरेकॉर्डर घेतला, मग कॅसेटी आल्या, आणि ऐकता ऐकता घरातल्या गाणाऱ्यांना गायला बसवायची पद्धत पडली. कुणाचा तंबोरा जुन्या शहरातून गोधडीत गुंडाळून टांग्यातून पुलावरून यायचा. पेटी शेजारच्या घरची, तबला दुसऱ्या गल्लीतला.

बँकेतला म्हणून वर्गणीची वही माझ्याकडे आली, ती पुढे माझ्याकडेच राहिली. परवा ही चर्चा वाचून ती काढून चाळली. माणशी दोन रुपयांपासून सुरुवात. खर्चात चहा, साखर, सतरंज्यांचं भाडं, तबल्याला नवी वादी, गाणाऱ्याला नारळ. पण मी बघत होतो नावं. तबल्याला साथ करणारे गृहस्थ माळवी, मराठीचा एक शब्द न येणारे. सतरंज्या फुकट देऊ लागला तो सिंधी कापडवाला, त्याला ठुमरीचं वेड. पेटीची पट्टी बिघडली की ती सुधारून देणारे बोहरी घड्याळजी, ते पैसे घेत नसत, फक्त कोपऱ्यात बसून ऐकून जात. म्हणजे ‘हल्ली’ अमराठी माणसं येऊ लागली हे खरं नाही. ती पहिल्या वहीपासून आहेत. हल्ली कमी झाली आहेत ती आपली माणसं.

आणखी एक उदाहरण सांगतो, जे आपल्या घरांमध्ये कमी माहीत आहे. माळव्याच्या खेड्यांत कबीर गाणाऱ्या मंडळ्या आहेत. तंबुरा, खडताळ, ढोलक, मंजिरे घेऊन रात्र-रात्र गातात. बहुतेक शेतकरी, मजूर, बरेचसे दलित समाजातले. 1991 पासून काही वर्षं देवासला ‘एकलव्य’ संस्थेच्या कबीर भजन एवं विचार मंचात दर महिन्याच्या 2 तारखेला या मंडळ्या जमत, रात्रभर गात आणि त्या शब्दांवर चर्चा करत. आपल्याच उज्जैन जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया हे शाळामास्तर याच परंपरेतले, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. कुमारजींची निर्गुणी भजनं आपण डोळे मिटून ऐकतो. त्या गाण्याच्या उगमाशी असलेली माणसं आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर राहतात. ती आपल्या बैठकीत एकदाही आली नाहीत, कारण त्यांना कुणी बोलावलंच नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. बैठक थांबवू नये, आणि ‘आपल्यापुरती’ तर मुळीच करू नये. मराठी नाट्यपद, अभंग, भावगीत तिथे होतच राहील, कारण ते गाणारे आपण आहोत. ऐकणारा कुठल्याही घरचा असो. मोबाइलवर सगळं मिळतं हे कबूल, मीही रात्री कानात घालून ऐकतो. पण मोबाइलवर दाद देता येत नाही, आणि समोर बसलेल्या नव्या पोराला ‘ही जागा पुन्हा घे रे’ असं सांगताही येत नाही. रामूभैया मोबाइलवर घडले नसते.

काही सूचना करतो, पटल्या तर बघा.

एक, बैठक तळमजल्यावरच्या घरीच ठेवावी, गुडघेवाल्यांची सोय होईल. खुर्च्या मागे, सतरंजी पुढे.

दोन, पहिला अर्धा तास शिकणाऱ्या मुलांचा. कुणाचीही मुलं, कोणत्याही भाषेची. चुकली तरी मध्ये कुणी टोकायचं नाही.

तीन, वर्षातून एकदा, कुमारजींच्या जन्मदिवसाच्या म्हणजे 8 एप्रिलच्या आसपास, एखाद्या माळवी कबीर मंडळीला सन्मानाने बोलवावं. प्रवासखर्च आणि मानधन वर्गणीतून. वहीत शिल्लक आहे, मी हिशोब टाकतो.

चार, निवेदन मराठीत आणि हिंदीत, दोन्ही. यात आपलं काहीही कमी होत नाही.

वही सांभाळायला आता कुणीतरी पन्नाशीच्या आतलं माणूस पुढे यावं, मराठी असलंच पाहिजे असं नाही, हिशोब नीट ठेवणारं असावं. आणि तुमच्या घरी शनिवारी रात्री रेडिओवर कोण-कोण जमत असे, गाणारं कोण होतं, तंबोरा आता कुठे आहे, ते खाली जरूर लिहा. आपल्या पुढच्या पिढीला निदान वाचायला तरी मिळेल.

पुढची बैठक ठरल्याप्रमाणे महिन्याच्या पहिल्या शनिवारी. शेजाऱ्यांना घेऊन या.